बाहेरून बुजवलेली खिडकी

आमोण्याच्या आमच्या घराची नदीकडची बुजवलेली खिडकी मी स्वतःच्या हाताने फोडली. कोणालाही न विचारता.

भूतबित मी मानत नव्हतो. उलट मानणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता... गोवा नुकतंच राज्य झालं होतं. राजभाषेच्या वादात मी मराठीच्या बाजूने सभा गाजवायचो आणि घरी येऊन आईच्या कोंकणीत शिव्या खायचो. (तिचं बोलणं इथे मराठीत देतो, तेवढीच अब्रू वाचेल.)

घर अगदी साधं. गावातली सगळी घरं चिऱ्यांची, आमचंच विटांचं. पणजोबांची नदीकाठी विटांची भट्टी होती. कोणी न घेतलेल्या वाकड्या विटांतून त्यांनी हे उभं केलं. ओळीने तीन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. मागची भिंत थेट मांडवीच्या काठावर — भरतीचं पाणी जोत्याला लागायचं, ओहोटीला नुसता गाळ, बाहेर धड उभं राहायला जागा नाही. त्या भिंतीतली एकुलती एक खिडकी आई लग्न होऊन आली तेव्हाही बुजलेलीच होती. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. मागच्या खोलीत ते घामाने निथळत पडायचे. म्हटलं, जरा वारा लागेल. पहार घेतली. फोडताना एक गंमत दिसली — विटांचे सांधे बाहेरून गुळगुळीत केलेले, आतून मात्र चिखल ओघळून सुकलेला. म्हणजे बुजवणारा बाहेर होता!

"होडीत उभा राहिला असेल," मी म्हणालो आणि विटा नदीत फेकून दिल्या.

वारा आला. आणि काही दिवसांनी, भर दुपारी, बाबांचा आवाजही आला. अगदी स्पष्ट. "उदक जाय?" — पाणी हवं का?

आईच्या हातातलं ताट पडलं. मी गावभर पेढे वाटले. पेढे संपल्यावर लक्षात आलं, त्यांनी आम्हाला विचारलंच नव्हतं. ते खिडकीकडे बघत होते. आम्ही हाक मारली की पुन्हा ते मुके. आम्ही गप्प बसलो की खिडकीशी गप्पा.

मग एकदा ते हसून म्हणाले, "भितर जागो ना रे. हांवच येतां." आत जागा नाही, मीच येतो.

"बुजव ती," आई म्हणाली. "आजच्या आज."

"अगं, इतक्या महिन्यांनी बोलतायत! डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे."

"कोणाशी बोलतायत, ते सांगितलंस डॉक्टरला?"

नव्हतं सांगितलं. खिडकी उघडीच ठेवली. तो आवाज मला सोडवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई विहिरीवर होती, मी पडवीत भाषण लिहीत होतो. आतलं बोलणं अचानक थांबलं. उठून गेलो, तर खोलीत काळोख. खिडकी बुजलेली. त्याच वाकड्या विटा — ओल्या, शेवाळलेल्या — आणि सांध्यांतून चिखल आत ओघळत होता. ज्यांना कुशीवर वळवायला आम्ही दोघं लागायचो, ते बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. अंग गार पडत चाललं होतं.

ओहोटी होती. गुडघाभर गाळात रुतत मी घराच्या मागे गेलो. बाहेरून सांधे गुळगुळीत, बोट लावलं तर उमटत होतं. गाळात पावलं होती ती फक्त माझी.

शेजारी, गवंडी, कोणाची तरी खोडी... सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एकही तर्क आजवर टिकला नाही.

बारावं झाल्यावर मी रोज दुपारी त्या भिंतीला कान लावून बसायला लागलो. एक शब्द तरी, म्हणून. आईने चार दिवस पाहिलं आणि दारातूनच म्हणाली,

"धड होते तेव्हा तुझ्याशी कधी धड बोलले नाहीत रे ते. आता भिंतीतून काय बोलणार? ऊठ."