ऐकण्याची दोन मिनिटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दरड कोसळलेल्या वाडीत आम्ही माणसं शोधत होतो. शिट्टी झाली की काम थांबवून दोन मिनिटं ढिगाऱ्याला कान लावायचा, असा नियम. एका घरापाशी मेलेल्या म्हशीचा वास येत होता. मी नाक दाबून मागे सरलो. कान न लावताच मी हात हलवला, "इथं कोणी नाही." दुसऱ्या दिवशी तिथंच एका बाईचं प्रेत निघालं. मुठीत पळी होती आणि वरच्या पत्र्याला आतून पोचे पडले होते.

आज प्रशिक्षणात एक मुलगी खोट्या ढिगाऱ्यावर पालथी पडून ऐकत होती. पोरं हसली, "ऊठ गं, खाली बाहुला आहे, तो काय बोलणार?"

"दोन मिनिटं झाली नाहीत अजून," ती म्हणाली. "हो ना, सर?"

त्या 'सर'ची मला किळस आली. सत्काराच्या शाली घेतलेल्या या खांद्यांचीही आली. गप्प राहायला मी शिकवू शकतो. पण गप्प राहिलेला माणूस ऐकतोय की नाही, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

त्या बाईच्या भावानं विचारलं होतं, "दादा, नीट ऐकलं होतंत ना?" मी हो म्हणालो. त्याला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.