चादरीचं दुसरं टोक

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी ती तोफ. ती हसली की इस्त्रीच्या रोलरची घरघरसुद्धा दबून जायची. चादरीचं दुसरं टोक धरायची ती काडी. अंगाने तशीच होती. ओल्या चादरी मशीनमधून उपसायच्या, रोलरमधून काढायच्या, मग समोरासमोर उभं राहून ताणायच्या, झटकायच्या, घडी घालायची. अशी जोडी जमायला वर्षं जातात. या दोघींना एकमेकींकडे बघावंही लागत नसे. हात आपले चालू, तोंड आपलं चालू.

मग तोफ थंडावली. विनोद झाला की ओठ आवळून छताकडे बघायला लागली. पाण्याची बाटली घरीच ठेवून यायला लागली. आणि एक दिवस मुकादमाला जाऊन म्हणाली, "मला शिवणाच्या टेबलावर बसवा. फाटक्या चादरी शिवीन."

"महिनाअखेरीला जागा होतेय," मुकादम म्हणाला. "पण नीट विचार करा. एकदा बसलात की परत इकडे घेणार नाही."

काडीला हे तिसऱ्याच कुणाच्या तोंडून कळलं. तिने चादर अशी झटकली की तोफेच्या हातून टोकच निसटलं.

"माझं काही चुकलं का, ताई?"

"नाही गं."

"मग मला त्या फुरंगटीच्या गळ्यात बांधून कुठे निघालीस?"

फुरंगटी म्हणजे पलीकडच्या मशीनवरची, जी सकाळी रुसायची ती सुट्टी होईपर्यंत. तोफ निसटलेलं टोक उचलायला वाकली.

बोलणार काय? वजन उचललं, शिंक आली, हसू आलं, की कपड्यात लघवीचे थेंब गळायचे. पदरात तीन बाळंतपणं, हातात आयुष्यभर ओल्या चादरी, शरीर कुरकुरणारच. गुडघा दुखला तर बाई चारचौघांत सांगते. हे मात्र सख्ख्या बहिणीला सांगत नाही. आणि धीर करून सांगितलंच, तर ऐकणारे म्हणतात, वय झालं. वय तर मुकादमाचंही झालं होतं. त्याला कुणी पँटीत कापडाची घडी ठेवून कामावर जा असं सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास तिची मुलगी बाळाला घेऊन राहायला आली. तिचे कपडे धुवायला काढताना तोफेच्या हाताला एक पिशवी लागली. आत दोन गुळगुळीत गोळे, एकमेकांना जोडलेले, मागे दोरीचं शेपूट. हलवलं की आत काहीतरी हळूच घरंगळायचं. तोफेने ते साबणाने स्वच्छ धुतले आणि बाळाच्या पाळण्यावर टांगले.

मुलगी अंघोळीहून आली आणि दारातच थबकली. "आई, हे काय लावलंयस?"

"खुळखुळा. कसा नाजूक वाजतो बघ."

मुलगी मटकन खाली बसली. हसू आवरेना. "अगं, ते बाळाचं नाही, बाळाच्या आईचं आहे. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात ना, त्यांच्या व्यायामाचं. योनीत ठेवायचे आणि आवळून धरायचे."

तोफेने पाळण्याकडे बघितलं. नातू गोळ्यांकडे बघून खूश होता. कित्येक महिन्यांनी तोफ धडाडली, आणि दुसऱ्याच क्षणी मोरीकडे पळाली. लुगडं बदलून आली तेव्हा मुलगी हसत नव्हती.

"कधीपासून, आई?"

दोन दिवसांनी मुलीने तिला व्यायामवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, कोणता स्नायू आवळायचा ते समजावलं. गोळ्यांची गोष्टही सांगितली. फार जुनी वस्तू, पूर्वेकडच्या देशांत शेकडो वर्षांपूर्वी सुखासाठी वापरत असं म्हणतात. मागच्या शतकात डॉक्टरांनी या स्नायूंच्या व्यायामाचं महत्त्व ओळखलं, आणि मग असली वजनं औषधाच्या कामी आली.

"म्हणजे त्यांना सुखासाठी," तोफ म्हणाली, "आणि आमच्या वाट्याला औषध म्हणून."

"आई, हळू बोल."

"हळूच बोलतेय."

बाईंनी तिला वेगवेगळ्या वजनांचे गोळे दिले. हलका गोळा, थोडा वेळ, आवळायचं आणि सोडायचं, असं बजावलंही. पण लाँड्रीत हलकं गाठोडं उचलणारीला कामचुकार म्हणतात. तोफेने सगळ्यात जड गोळा घेतला, तो घालून कामावर गेली आणि सुट्टी होईपर्यंत दात-ओठ खात आवळून धरला. रोज. आठवडाभरात कंबर धरली, आणि गळणं आणखी वाढलं. महिना संपत आला होता. तिने गोळे पिशवीत भरले आणि परत द्यायला गेली.

"सोडत कधी होता?" बाईंनी विचारलं.

"सोडायचं कशाला? धरायचं ना?"

"चादर दिवसभर ताणूनच धरता का?"

"छे. ताणायची, मग ढिली सोडायची, तेव्हा कुठे समोरची पुढे येते. ताणूनच धरली तर घडी कशी..." तोफ मध्येच थांबली. मग स्वतःशीच म्हणाली, "असं होय."

"पण महिनाअखेरीपर्यंत बरं होणार नाही," बाई म्हणाल्या. "काही महिने लागतील. तोवर उचलण्याआधी, शिंकण्याआधी क्षणभर थांबायचं, आवळायचं, मगच पुढे."

घरी जाईपर्यंत तोफेच्या डोक्यात तेवढंच होतं. थांबायचं. जोडीच्या कामात एकटीला थांबता येत नाही. समोरचीला माहीत नसेल तर चादर जमिनीवर जाते.

सकाळी पहिली चादर उचलण्याआधी तिने काडीला सगळं सांगितलं. गळणं, गोळे, पाळणा, काहीच ठेवलं नाही. काडी टोक धरून ऐकत राहिली.

"एवढ्यासाठी मला फुरंगटीकडे देत होतीस?"

"लाज वाटली गं."

"माझी मूळव्याध अख्ख्या लाँड्रीला पाठ आहे. आणि लाज तुला वाटते?"

तोफेच्या पोटातून हसू वर यायला लागलं. तिने घाईने हात वर केला. काडी चादर ताणून जागच्या जागी थांबली. तोफेने डोळे मिटले, आवळलं, आणि मग उडाली.

"कोरडी?" काडीने विचारलं.

"जवळजवळ."

"चालेल. धर."

आवाज ऐकून मुकादम बघायला आलाच. "मग, टेबलाचं काय ठरलं?"

"फुरंगटीला विचारा," तोफ चादर झटकत म्हणाली. "आम्हाला इथे घड्या घालायच्यात."