खड्ड्यातले पाय

आम्हा विणकरांच्या पायांना मुंग्या येतातच. हातमागाखाली खड्डा असतो. त्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबायच्या, संध्याकाळी मांड्या चोळत उठायचं आणि चहाला जायचं. खोकलाही येतोच, सुताची धूळ नाकातोंडात जाते. म्हणून उमरेडच्या आमच्या घरात माझा खोकला कोणी मनावर घेतला नाही, आणि पाय बधिर व्हायला लागले तेव्हा मीही नाही. मग एके दिवशी खड्ड्यातून वर यायला गेलो, तर कमरेखाली मी नव्हतोच.

नागपूरच्या दवाखान्यात कळलं की फुप्फुसांत टीबी आहे आणि मज्जारज्जूलाही सूज आली आहे. दोन्ही एकदम असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले. जन्मात एकदा लॉटरी लागली, ती ही. "चालता येईल का?" मी विचारलं.

"औषधं सुरू केली आहेत. आता वाट पाहायची."

वाट मी एकट्यानेच पाहिली. बायको मुलीसाठी गावी परतली. नातेवाईक वॉर्डाच्या दारातूनच हात हलवायचे आणि संत्री वॉर्डातल्या आयामावशींच्या हातात देऊन सटकायचे. मास्कआड कोण हसतंय तेही कळेना. फार एकटं वाटायचं. रडू यायचं, पण रडलं की खोकल्याची उबळ यायची, म्हणून तेही आवरतं घेतलं. दुपारभर चादरीखाली मनातल्या मनात पावड्या दाबायचो. डावी, उजवी, डावी. चादर ढिम्म.

एका दुपारी उजव्या पायाचा अंगठा हलला. पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा हलला. कोणाला तरी सांगावं म्हणून मान वळवली, तर शेजारची खाट रिकामी आणि बाकीचे झोपलेले. बायकोला फोन लावला. तिने तो बऱ्याच वेळाने उचलला.

"इतका उशीर काहून लावला वं?"

"मागावर बसली होती. तुमची साडी अर्धीच राहिली, म्हटलं पुरी करू. बसून बसून पायाले मुंग्या येऊन राहिल्या नुसत्या." ती हसली आणि हसता हसता खोकली.

"खोकला कधीपासून आहे?"

"काही नाही जी, सुताची धूळ आहे."

"उद्याची पहिली एसटी पकड अन् नागपूरले ये. पोरीलेही आण."

ती हळूच म्हणाली, "काहून? बरं नाही वाटून राहिलं का तुम्हाले?"

बरं वाटतंय, हे सांगायलाच तर मी फोन केला होता.