साडूचा उलटा नवस

नवस बोलणारे अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ढिगानं सापडतील. पण ‘देवी, माझा अंदाज सपशेल खोटा पाड’ असा नवस बोलणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो माझा साडू. शिकवतो अमरावतीच्या एका कॉलेजात, जीव मात्र मेळघाटात, सेमाडोहच्या रानात. तिथल्या झाडांना त्यानं स्प्रिंगचे पोलादी पट्टे बांधलेत. झाड पाणी प्यालं की खोड कणभर फुगतं, तहानलं की आकसतं. पट्ट्यावरची खूण पुढं-मागं सरकते. त्यावरून, वाढत्या उन्हाचा हिशेब धरून, पुढं कुठलं रान किती सुकेल ते हा मांडतो. खोडच लागली ती. आमच्याकडे अकोल्याला आला की भाकर मोडून तिचा आवाज ऐकतो, गच्चीवरच्या कुरडया तळहातावर तोलतो. एकदा मी जेवून लवंडलो होतो, तर यानं माझ्या पोटालाच पट्टा गुंडाळला. “साडभाऊ, इकडं दुष्काळ काई फिरकला नाई!” माझी बायको अशी हसली, की शेजारी काठ्या घेऊन धावत आले.

ज्या वर्षी अंदाज चुकेल त्या वर्षी पेढे. इतके, की आमच्या गल्लीतल्या मुंग्यांना मधुमेह झाला. “चुकलो ना भाऊ, साफ चुकलो!” म्हणत हा दारातूनच ओरडत यायचा.

अलीकडे पेढे येईनासे झाले.

यंदा भर उन्हाळ्यात मला म्हणाला, “चला साडभाऊ, एकट्याच्यानं पायवत नाई.” सेमाडोहला नाल्याकाठी त्याचं लाडकं, म्हातारं अर्जुनाचं झाड आहे. लग्नानंतर बायकोला घेऊन पहिली शिदोरी त्यानं याच सावलीत सोडली होती. आणि हे झाड वाळणार, हेही त्यानंच मांडलेलं. शेंडा काडीसारखा झाला होता. नाल्यात नुसते गोटे. साडूनं वाकून पट्ट्यावरची खूण पाहिली; ती पार मागं सरकली होती.

थापा मारण्यात माझा हात धरणारा जन्माला यायचाय. मी ठोकून दिलं, “आमच्या तेल्हारा गावाकडं याच्याहून वाळलेलं झाड पालवलं, डोळ्यानं पायलं मी.”

“कावून खोटं बोलून राहिले?” तो हळूच म्हणाला.

“मंग अंदाज तरी बरोबर आला ना तुमचा?”

“मले कुठं पायजे होता?”

मग या मोजूनमापून जगणाऱ्या माणसानं पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि अर्जुनाच्या बुडाशी रिती केली.

“येवढ्यानं काय होते?” मी विचारलं.

“काईच नाई होत,” तो म्हणाला, आणि माझ्या बाटलीसाठी हात पुढं केला.

मी दिली. घाट उतरेपर्यंत दोघांचेही घसे कोरडे होते; वाटेत इतकी दुकानं लागली, पण गाडी थांबवा असं कोणीच म्हणालं नाही.