सुनेनं शुद्ध केलेलं पाणी

सीमंतिनीला घाणीची किळस येत नाही, यावर तिच्या सासरी कुणाचा विश्वास बसत नसे. ग्वाल्हेरच्या वेशीबाहेर सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे, तिथल्या प्रयोगशाळेत ती नोकरीला. हवा घुसळणाऱ्या हौदांवर तपकिरी फेस तरंगत असतो, वास नाकात जाऊन बसतो तो रात्रीपर्यंत हलत नाही. पण त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तिची कळी खुलायची. धाग्यांसारखे, गोळ्यांसारखे, झुपक्याने राहणारे किती तऱ्हांचे जंतू! शहराचा मैला खाऊन पाणी निवळायचं काम तेच करतात. सीमंतिनीला त्यांचं भारी कौतुक.

घरी, पाटणकर बाजारात, हे कौतुक सांगायची सोय नव्हती. सासरे माधवराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण पूर्वज दरबारी पुरोहित, त्यामुळे सोवळं अंगात मुरलेलं. सुनेसाठी जिन्याखालच्या मोरीत बादली भरून ठेवलेली असायची. तिथे आंघोळ, कपडे तिथेच, मग वर. तोवर पोटच्या मुलीलाही हात लावायचा नाही. मैला दुसऱ्यांचा, आणि विटाळ हिच्या अंगाला!

एकदा जेवताना हे तिच्या मनाला फार लागलं आणि ती तोऱ्यात बोलून गेली, "बाबा, दौलतगंजला आपल्या महादेवामागे जो नाला आहे ना, तो जाऊन बघा एकदा. आमचंच पाणी येतं तिथे. काचेसारखं नितळ!"

माधवराव खरंच गेले. ज्या नाल्याजवळून नाक दाबून जायचे, तिथे तळाचे गोटे दिसत होते. म्हातारा भारावला. संध्याकाळी सीमंतिनी परतली तर मोरीत बादली नाही. "थेट वर ये, सूनबाई," ते जिन्यावरून म्हणाले. "मेलेला नाला जित्ता केलास तू. तुला कसलं ओवळं?" तिने तशीच लेकीला, अवंतिकाला, उचलून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. इतका मान तिला त्या घरात कधी मिळाला नव्हता.

बढाईच्या भरात एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती. नितळ दिसणारं ते पाणी पिण्याजोगं नव्हतं. त्यात शेवटच्या हौदात जंतू मारायला क्लोरीन सोडणारा प्लांटवरचा पंपही बिघडला आणि तक्रारी करूनही कुणी हललं नाही. तिच्या काचेच्या बशांमध्ये माणसांच्या आतड्यांतले जंतू दाट, बुळबुळीत वाढू लागले. जंतू मारणाऱ्या औषधाच्या चकत्या बशीत ठेवल्या तर निगरगट्टपणे त्यांना खेटून वाढले. नाल्याच्या पाण्यातही तेच.

श्रावणी सोमवारी माधवरावांनी तिला कामावरून परस्पर देवळात बोलावलं. अभिषेक आटोपला होता. गाभाऱ्यापुढे लोक ओंजळ पुढे करून उभे, आणि माधवराव तांब्यातून पळी-पळी तीर्थ देत होते.

"नाल्याचं पाणी आहे," ते अभिमानाने सांगत होते. "आमच्या सूनबाईंनी शुद्ध केलेलं. महिनाभर महादेवाला हेच घालतोय."

समोर शेजारच्या विजयाबाई तीर्थ घेऊन ओला हात डोक्यावरून फिरवत होत्या. त्यांच्यामागे अवंतिकाने तळहात पुढे केला होता आणि पळी तिच्यावर कलत होती. गप्प राहिली असती तर मान राहिला असता. सीमंतिनीने पुढे होऊन पळी उडवली.

"मम्मी, क्या हुआ? मला तीर्थ पाहिजे ना!"

"बाबा, नका देऊ हे कुणाला. बीमारी होईल."

"तूच तर बोलली होतीस ना, पाणी साफ आहे म्हणून?"

"दिसतं साफ. पण साऱ्या शहराच्या संडासातले जंतू आहेत त्यात."

माधवरावांनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं, मग ओल्या पिंडीकडे. महिनाभर रोज पहिली पळी त्यांनी स्वतः घेतली होती. ते कसेबसे पायरीपर्यंत गेले आणि भडभडून ओकले. लोक पदराला, धोतराला हात पुसत सीमंतिनीकडे असे बघत होते की जणू तिनेच तांब्यात काही कालवलं होतं. त्या नजरांची तिला शिसारी आली.

नाल्याचं पाणी देवळात येणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा मोरीत बादली भरलेली होती.

ती न्हाली. वर येऊन अवंतिकाची वेणी घालायला बसली, तर पोरीने मान आखडून घेतली.

"मम्मी, तू नहाके आलीस ना? साबण लावलास?"

सीमंतिनीने हात नाकाशी नेले. साबणाचाच वास होता. तरी आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या हातांची किळस आली, आणि ती पुन्हा जिना उतरून मोरीत गेली.