भिंतीवरचं हिरवं

तिला सगळे घाईताई म्हणत, आणि तेही तोंडावर. घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करायची कंपनी तिने भावासोबत काढली, तेव्हा सगळा कारभार एका फोनवर आणि भिंतीवरच्या फळ्यावर चालायचा. यंदा फळा उतरला, पडदा चढला. कारागिरांच्या हातात अ‍ॅप आलं. काम वेळेत उरकलं की पडद्यावर हिरवा ठिपका. उशीर झाला की लाल, वर मोबाइलवर भोंगा. भोंग्याची कल्पना तिचीच.

कामं वाढली, वेळ निम्म्यावर आला. तरी जुनी गिऱ्हाइकं परत का फिरकत नाहीत, हे तिला कळेना. बसली की पाय हलायचा, उठली की हातात पेनाचं टोपण टकटक करायचं.

"बस की जरा," दादा वैतागला. "गुंतवणूकवाल्या बाई येतीलच इतक्यात. त्या नाही म्हणाल्या तर पुढच्या महिन्यात शटर ओढायचं. हे हिरवं दाखव नि मोकळी हो."

तेवढ्यात आईचा फोन. "अगं, तुझा माणूस आलाय मशीन बघायला."

"आई, झालंय ते. इथे हिरवं दिसतंय."

"कसलं डोंबलाचं हिरवं? तो अजून दारात बूट काढतोय!"

टोपण थांबलं. "फोन दे त्याला."

"ताई, 'काम झालं'चं बटण आम्ही सगळे दारातच दाबतो," कारागीर म्हणाला. "मशीन उघडलं की हात साबणाचे, मोबाइल धरायचा कसा? त्यात तुमचा भोंगा! पण बटण दाबलं की लगेच पुढचं घर येतं. मग इथलं अर्धंमुर्धं उरकायचं नि पळायचं."

फोनला कान लावून ऐकणाऱ्या दादाने कपाळाला हात लावला. "आज दाखव, उद्या निस्तरू! आल्या बघ."

बाई आत आल्या, भिंतीकडे बघून खूश झाल्या. "वा! सगळं हिरवंगार!"

"त्यातलं खरं किती, मला आत्ता माहीत नाही," घाईताई एका दमात बोलून गेली. दारातल्या बटणाची गोष्ट सांगितली, भोंगा बंद केला, फोन स्पीकरवर टाकला. "भाऊ, सावकाश बघा. काय झालंय?"

बराच वेळ नुसती खुडबुड. बाईंची बॅग खांद्यावरच.

"पंप गेलाय, ताई. वेळ लागेल."

"लागू दे," मागून आई ओरडली. "आणि तूही जरा एका जागी बस!"

बाईंना हसू फुटलं. हो म्हणाल्या नाहीत. बॅग मात्र खाली ठेवली, खुर्ची ओढली.

घाईताईला काही बसवेना.