सरसाचा वास

हवा दमट झाली की आमच्या हडपसरच्या फ्लॅटमधल्या भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्राला वास सुटतो. बायको म्हणते, "काढा हो ते." मी काढत नाही.

आयटीत नोकरी लागल्यावर मी बाबांना लडाख दाखवायला नेलं होतं. तिथल्या एका गावात घरोघरी कापडावर बुद्ध रंगवतात. आम्ही पर्यटक, बूट काढून एका चित्रकाराच्या घरात शिरलो. कापडाला लावायला चुलीवर कातडं उकळून सरस, म्हणजे चिकट खळ, बनवणं चाललं होतं.

"आमच्या नऊ पिढ्या हेच करतायत," बाबांनी बुद्धासमोर हात जोडलेले पाहून तो हिंदीत म्हणाला. "तुम्हीही बौद्ध ना? किती पिढ्या?"

"माझी दुसरी," बाबा म्हणाले.

मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याच्या पणजोबांनी रंगवलेला बुद्ध समोर होता. माझ्या पणजोबांचा साधा फोटो नाही.

बाबा मात्र सरसाच्या भांड्यावर वाकले होते. "माझ्या वडिलांच्या हातांना हाच वास यायचा."

धम्म घेतला तेव्हा आजोबांनी गावची मेलेली गुरं ओढायचं आणि सोलायचं काम सोडलं, हे मला ठाऊक होतं. चित्रकाराला कुठलं ठाऊक? त्याचा चेहरा फुलला. "अरे वा! म्हणजे तेही बुद्धच रंगवायचे?"

निघताना बाबांनी हे चित्र तेवढं घेतलं.

तेव्हा मी त्याच्या नऊ पिढ्यांवर जळलो होतो. आता जळतो ते एवढ्यावरच, की कातड्याचा वास आला की त्याला आधी बुद्ध आठवतो.